प्रार्थनेला शब्द सुचत नाहीत तेव्हा

जय ख्रिस्त, दादा. नोकरी गेली, घरात आजारपण, आणि प्रार्थनेला बसलं की शब्दच फुटत नाहीत, असं तुम्ही म्हणता. मग स्वतःचे शब्द शोधूच नका. बायबलमधलं स्तोत्रांचं पुस्तक, स्तोत्रसंहिता, उघडा.

पण सुरुवात २३ व्या स्तोत्राने नको. ते सगळ्यांना पाठ असतं, ओठांवरून घरंगळून जातं. १३ वं घ्या. जेमतेम सहा वचनं, आणि पहिल्या दोनांतच दावीद देवाला चार वेळा विचारतो, अजून किती काळ? मोठ्याने वाचा, प्रत्येक प्रश्नानंतर थांबा, तिथे आपलं गाऱ्हाणं घाला: घरभाडं, रिपोर्ट, जे असेल ते. शेवटी तो भरवशाची भाषा बोलतो. तुमच्या तोंडून ती आज निघाली नाही तर ओढून ताणून काढू नका. ८८ वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, तरी ते पवित्र शास्त्रात आहे!

देवाकडे तक्रार करणं म्हणजे अविश्वास, असं कुणी मंडळीत सुनावेल. मला ते पटत नाही. मार्काच्या शुभवर्तमानात बघा, वादळात शिष्यांनी झोपलेल्या येशूला उठवून जाबच विचारला होता. त्याने वारा आधी शांत केला, त्यांच्या विश्वासाचं नंतर काढलं.

औषधं मात्र चालू ठेवा, अर्जही पाठवत राहा. आणि पाळकांना आजच फोन करा, रविवारच्या उपासनेची वाट बघू नका.