लेकीला अपघाताच्या दाव्यांची वकिली करायची आहे

नमस्कार ताई,

तुमचं पत्र धायरीहून आलं. लेक बारावी आर्ट्सला आहे. तिच्या मामाचा नवले पुलाजवळ अपघात झाला, त्यात पाय गेला आणि भरपाईचा दावा शिवाजीनगरच्या कोर्टात अजून चालू आहे. मामासोबत तारखांना जाऊन आणि अमेरिकेतल्या ‘पर्सनल इंज्युरी’ (शारीरिक इजेची भरपाई मिळवून देणाऱ्या) वकिलांचे व्हिडिओ बघून तिनं ठरवलंय की आपण हेच करायचं. यात करिअर आहे का, असं तुम्ही विचारलंय. आणि दवाखान्यांबाहेर फिरून केसेस गोळा करायचं हे काम तर नाही ना, अशी धास्तीही व्यक्त केलीय.

आधी धास्तीबद्दल. जखमी माणूस वॉर्डात असतानाच त्याच्या नातेवाइकांना गाठणारे एजंट आहेत, हे खरंच आहे. वकिलांचं नियमन करणाऱ्या बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला जाहिरात करता येत नाही, माणसं पाठवून काम मिळवता येत नाही आणि मिळणाऱ्या भरपाईत टक्का ठरवून फी घेता येत नाही. अमेरिकेत नेमकं उलट आहे. तिथे रस्त्यावर वकिलांची होर्डिंग्ज दिसतात, केस जिंकली तरच फी आणि तीही साधारण एक तृतीयांश, असा करार सर्रास होतो आणि खटला ज्युरीपुढे, म्हणजे सामान्य नागरिकांच्या पंचमंडळापुढे चालतो. आपल्याकडे ज्युरी नाही. रस्ते अपघाताचा दावा मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतो. डॉक्टरच्या हलगर्जीपणाची तक्रार बहुतेक वेळा ग्राहक आयोगात जाते, तर रेल्वे अपघातासाठी वेगळं न्यायाधिकरण आहे. व्हिडिओत दिसणारी जोरदार भाषणं इथे फारशी ऐकू येणार नाहीत, हे लेकीला आत्ताच सांगा. पण एजंटांमुळे हे कामच हलकं ठरवू नका. घरातला कमावता माणूस खाटेवर पडल्यावर त्या घराचं पुढं कसं चालणार, हे या दाव्यावर ठरतं. म्हणूनच इथे चांगली माणसं यायला हवीत, असं मला मनापासून वाटतं.

या कामाचं मर्म कळावं म्हणून एक हिशोब मांडते. समजा, भोसरीतला २८ वर्षांचा वेल्डर. महिना २०,००० रुपये कमावणारा. अपघातात उजव्या हाताची बोटं गेली आणि डॉक्टरांनी ३० टक्के अपंगत्वाचा दाखला दिला. वर्षाची कमाई २,४०,००० रुपये. कायमस्वरूपी नोकरी नसलेल्या, चाळिशीच्या आतल्या माणसासाठी त्यात भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के धरतात, म्हणजे झाले ३,३६,०००. त्याच्या वयाला सुप्रीम कोर्टाच्या २००९ च्या सरला वर्मा निकालातल्या तक्त्याप्रमाणे १७ चा गुणक लागतो, म्हणजे वर्षाच्या कमाईला १७ नं गुणायचं. गुणाकार ५७,१२,००० रुपये. त्याचे ३० टक्के काढले तर १७,१३,६०० येतात.

पण वेल्डिंग करणाऱ्याच्या उजव्या हाताची बोटं गेल्यावर त्याची कमाई ३० टक्क्यांनीच घटते का? दाखल्यावरचा टक्का आणि कमाईचं नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं सुप्रीम कोर्टानं २०१० साली राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात स्पष्ट केलं आहे. वकिलानं हे नुकसान ६० टक्के असल्याचं शाबीत केलं, तर रक्कम ३४,२७,२०० होते. उपचारांचा खर्च आणि वेदनांची भरपाई वेगळी. म्हणजे १७ लाखांहून जास्त फरक पडतो तो पुराव्यामुळे. डॉक्टरला साक्षीला आणून त्या हातात वेल्डिंगचा टॉर्च धरता येईल का, हे विचारावं लागतं. कारखान्यातल्या मुकादमाला बोलावून तो आधी काय काम करायचा, हे रेकॉर्डवर आणावं लागतं. पगार रोखीत मिळत असेल तर कमाई सिद्ध करणं हेच मोठं काम होऊन बसतं. शिवाय चूक तुमच्याच अशिलाची होती, असं दाखवायला विमा कंपनीचा वकील उलटतपास घेतो. तेव्हा घटनास्थळाच्या पंचनाम्यातली ओळ न् ओळ पाठ लागते. बरेच दावे लोकअदालतीत तडजोडीनं मिटतात. पण तिथेही पुराव्याची फाइल भक्कम असेल तरच चांगला आकडा पदरात पडतो.

त्यामुळे या कामात वक्तृत्वापेक्षा चिकाटी आणि आकडेमोड जास्त लागते. मेडिकल पेपर कंटाळा न करता वाचता आले पाहिजेत. रडणाऱ्या माणसाशी शांतपणे बोलून त्याच्याकडून नेमकी माहिती काढता आली पाहिजे. लेक मामासोबत कोर्टाच्या बाकावर तासन् तास बसते, असं तुम्ही लिहिलंय. मला पत्रातली सगळ्यात आश्वासक गोष्ट तीच वाटली.

शिक्षणाचा रस्ता सरळ आहे. बारावीनंतर पाच वर्षांचा कोर्स, त्यासाठी राज्याची लॉ सीईटी ही प्रवेश परीक्षा. किंवा आधी पदवी आणि मग तीन वर्षांचं एलएलबी. तिचं मन पक्कं असेल तर पाच वर्षांचा घ्यावा. पुण्यात आयएलएससारखं १९२४ पासूनचं कॉलेज आहे, इतरही चांगली आहेत. नंतर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे सनद (वकिलीचा परवाना) आणि अखिल भारतीय बार परीक्षा.

पैशाचं मात्र स्पष्ट सांगते. ज्युनिअरशिपची, म्हणजे सिनिअर वकिलाच्या हाताखाली काम करण्याची पहिली काही वर्षं ओढाताणीची असतात. शहरातल्या ज्युनिअरला महिना २०,००० रुपये द्यावेत, अशी शिफारस बार कौन्सिल ऑफ इंडियानं २०२४ मध्ये केली, पण ती सक्ती नाही आणि प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी कमीच मिळतात. तेवढा काळ तिला घरचा आधार देता येईल का, याचा विचार तुम्ही दोघांनी आत्ताच करा. उद्या न्यायाधीश व्हावंसं वाटलं तर ही वर्षं वाया जात नाहीत. मे २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानं सुरुवातीच्या पदाच्या न्यायाधीश भरती परीक्षेसाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा आवश्यक केली आहे.

कॉलेजपेक्षा सिनिअर कोण मिळतो, याला मी जास्त महत्त्व देईन. कोर्सच्या तिसऱ्या वर्षापासून तिनं सुट्ट्यांमध्ये दावा अर्जदारांची बाजू मांडणाऱ्या एखाद्या वकिलाकडे बसावं. त्यानंतर काही महिने विमा कंपनीच्या बाजूच्या वकिलाकडेही बसावं, कारण दाव्यातल्या फटी तिथेच दिसायला लागतात. ऑफिस निवडताना दोन गोष्टी पाहा: सिनिअर साक्षीदार स्वतः तपासतात का, आणि ज्युनिअरला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी उलटतपास घेऊ देतात का. फक्त मुदती मागायला आणि पुरसिस (कोर्टाला द्यायची छोटी लेखी नोंद) द्यायला पाठवत असतील, तर वर्षभरात तिथून निघावं.

आत्ता बारावीची परीक्षा आणि सीईटीचा फॉर्म एवढंच बघा. तारखा सीईटी सेलच्या वेबसाइटवर येतात, फॉर्म शेवटच्या दिवसावर ठेवू नका.