दोन इंजिनांच्या मोटरबोटीला कोणत्या मापाचा प्रोपेलर बसवावा?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. २४ फुटी फायबरची बोट, मागे ११५ हॉर्सपॉवरची दोन फोर-स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या मागच्या फळीला बाहेरून लटकवलेली) इंजिनं, दोन्हींवर तीन पात्यांचे १९ पिचचे (पिच म्हणजे काय ते पुढे सांगतो) ॲल्युमिनियमचे प्रोपेलर, म्हणजे पंखे. पानशेतच्या जलाशयात दोनच माणसं घेऊन पूर्ण थ्रॉटल दिला तर दोन्ही इंजिनं ४९०० आरपीएमला (मिनिटाला ४९०० फेरे) अडकतात, जीपीएसवर ३० नॉट दिसतात. मॅन्युअलमध्ये पूर्ण थ्रॉटलला ५००० ते ६००० आरपीएम लिहिलंय. विकणारा म्हणतो, ‘पुण्याच्या उंचीमुळे होतंय, अलिबागला नेलीत की आपोआप सुटेल.’ नाहीतर १७ पिचचा पंखा घ्या, असंही तोच म्हणतो. आणि तुमचे मित्र म्हणतात, चार पात्यांचा घ्या.

उंचीची गोष्ट रुपयात चार आणे खरी आहे. पानशेतचं पाणी समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या वर आहे. तिथे हवा साधारण ६ टक्के विरळ, म्हणून टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकदही जवळपास तेवढीच कमी. इथवर विक्रेता बरोबर. पण ताकद ६ टक्के घटली म्हणून आरपीएम ६ टक्के पडत नाहीत. पंखा फिरवायला लागणारी ताकद आरपीएमच्या जवळजवळ घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे आरपीएममध्ये फरक पडतो दोन-तीन टक्क्यांचाच. म्हणजे तुमच्या बाबतीत १०० ते १५०. अलिबागला नेऊन तुम्ही ५००० च्या उंबरठ्यावर कसेबसे पोचाल, तेही दोनच माणसांवर. बायका-पोरं, बर्फाची पेटी, भरलेली टाकी चढली की पुन्हा खाली. दोष उंचीचा नाही, पंख्याचा आहे.

मी बोटवाला नाही. भोसरीत आमचं छोटं वर्कशॉप आहे, पंपांचे इम्पेलर (आतली पाणी ढकलणारी चाकं) दुरुस्त करून बॅलन्स करतो. बोटीशी संबंध आला तो मेहुण्यामुळे. त्याची तुमच्यासारखीच जोड-इंजिनाची बोट हर्णैला असते आणि तिचे वाकलेले पंखे दर पावसाळ्यानंतर माझ्या टेबलावर येऊन पडतात.

पंख्याच्या बुडख्यावर (पाती जिथे जोडलेली असतात त्या मधल्या भागावर) दोन आकडे ठोकलेले असतात. पहिला व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचांत. पिच म्हणजे पाणी लोण्यासारखं घट्ट असतं तर पंखा एका फेऱ्यात जेवढा पुढे सरकला असता ते अंतर. पाणी घट्ट नसतं, म्हणून थोडं निसटतं, त्याला स्लिप म्हणतात. गणित सोपं आहे: आरपीएम गुणिले पिच, भागिले गिअर रेशो, भागिले १२१५, की नॉटमधला कागदावरचा वेग. तुमचा रेशो, म्हणजे पंख्याच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे फेरे, २.१५ आहे असं धरलं (मॅन्युअलमध्ये बघून घ्या) तर ४९०० ला ३५.६ नॉट येतात. प्रत्यक्षात ३०, म्हणजे स्लिप १६ टक्क्यांच्या आसपास. अशा वेगवान बोटीला १० ते १५ टक्के नेहमीचे, तुमचे थोडेसेच जास्त. याचा अर्थ पंखा पाणी बऱ्यापैकी धरतोय, इंजिनालाच तो झेपत नाहीये. खंबाटकी चौथ्या गिअरमध्ये चढल्यासारखं. गाडी जाते, पण आत काय चाललंय ते इंजिनालाच माहीत. पूर्ण थ्रॉटल आणि कमी आरपीएम अशी जोडी दीर्घकाळ चालली की कार्बन धरतो, नॉकिंग होतं (इंजिन आतून ठोकतं), पुढे पिस्टनवर येतं.

पिच एक इंच कमी केला की आरपीएम साधारण १५० ते २०० वाढतात. १७ चा घेतलात तर ५२०० ते ५३००. मॅन्युअलच्या हद्दीत येतं, म्हणून विक्रेता तो सुचवतो. पण हा आकडा दोन माणसांचा आहे, आठ माणसांत तो परत ५००० च्या खाली येईल. पंखा नेहमी आपल्या खऱ्या ओझ्यावर ठरवायचा. मी असतो तर १५ ची जोडी लावून बघितली असती. पानशेतला दोन माणसांत ५५०० ते ५७००, समुद्रात त्यावर शंभरेक, आणि माणसांनी भरल्यावरही ५३००-५४०० राहावेत. वरच्या टोकाचा वेग दोन-तीन नॉटांनी कमी दिसेल. दिसू दे. बोट पाण्यावर लवकर उठेल, म्हणजे पाणी कापत जाण्याऐवजी पाण्यावरून घसरायला लागेल. जमलं तर आधी कुणाकडून उसनी जोडी मागून बघा, मग पैसे टाका.

चार पात्यांचा पंखा वाईट नाही. पाणी चांगला धरतो, कमी वेगातही बोट उठलेली ठेवतो. पण त्याच पिचमध्ये तो आरपीएम आणखी थोडे खातो, आणि तुमच्याकडे खायला उरलेत कुठे?

मात्र त्याआधी दोन गोष्टी तपासा. थ्रॉटलची केबल इंजिनापाशी पूर्ण उघडतेय ना, आणि टॅकोमीटर (आरपीएम दाखवणारा मीटर) खरं बोलतोय ना. काटेवाल्या टॅकोमीटरच्या मागे इंजिनाच्या जनरेटरचे पोल (चुंबकाची टोकं) किती ते निवडायचा खटका असतो, तो चुकीच्या आकड्यावर असला तर सगळं गणित वाया. दोन्ही इंजिनं एकसारखी ४९०० दाखवताहेत म्हणून मला पंख्याचाच संशय येतो. एक ४९०० आणि दुसरं ५४०० असतं तर मी आधी इंजिनाकडे किंवा वाकलेल्या पात्याकडे बघितलं असतं.

आता जोड-इंजिनाची खरी भानगड. असं सांगतात की दोन इंजिनं ओझं वाटून घेतात, म्हणून त्याच इंजिनाला एकट्याने बसवताना लागेल त्याहून दोनेक इंच जास्त पिच चालतो. हे खरंही आहे. बहुधा तुमच्या आधीच्या मालकाने हाच हिशोब करून १९ बसवले, आणि नंतर छत, फ्रिज, सोफे चढवत गेला. पण एक इंजिन बंद पडलं की वाटून घेणारं कुणी राहत नाही.

हे आम्ही भोगलंय. हर्णैला परतताना डाव्या पंख्यात जाळं गुंतलं. तेव्हा आमच्याकडेही जास्त पिचचेच पंखे होते. उजव्या इंजिनाला मेहुण्याने घाईघाईत पूर्ण थ्रॉटल दिला, तर आरपीएम ३५०० च्या पुढे सरकेनात, बोट काही उठेना, नाळ (बोटीचं पुढचं टोक) सारखी डावीकडे ओढायची आणि इंजिनाचा आवाज ऐकून मला माझ्या वर्कशॉपमधली जळालेली मोटर आठवली. बरोबरच्या म्हाताऱ्या तांडेलाने (बोट चालवणाऱ्या जुन्या नाखव्याने) थ्रॉटल मागे ओढला, बंद इंजिन वर उचलून पाण्याबाहेर काढलं आणि सहा नॉटांनी गुपचूप आणलं. एका इंजिनावर बोट उठवायचा हट्ट करायचा नाही, आणि कमी पिचचा पंखा असेल तर हे परतणं इंजिनाला कमी जड जातं. माझं १५ कडे झुकण्याचं निम्मं कारण तेच.

पंखे उलटसुलट फिरणारे आहेत का तेही बघा. बोटीच्या मागे उभं राहून पुढे तोंड केलं तर बहुतेक बोटींत उजवा पंखा घड्याळाच्या दिशेने आणि डावा उलट फिरतो, म्हणजे दोघांची ओढ एकमेकांना मारते आणि स्टिअरिंग हाताला ओढत नाही. उजव्याचा पंखा डाव्या इंजिनावर चालत नाही, त्यामुळे सुटा पंखा एक नाही, दोन ठेवावे लागतात. जोडी घेतानाही कंपनी, व्यास, पिच, पात्यांची संख्या सगळं एकच हवं. एक नवा, एक दुरुस्त केलेला असली जोडी लावू नका. आम्ही पंखा बॅलन्स करून देऊ शकतो, पण वेल्डिंगनंतर तिन्ही पात्यांचा पिच सारखा राहिलाय का हे बघायला पिच-गेज लागतो, तो आमच्यासारख्या पंपवाल्यांकडे नसतो.

कुणीतरी तुम्हाला सांगेलच की नवे कशाला, आहे तोच १९ चा पंखा लेथवर घेऊन व्यास छाटा. पंपाच्या इम्पेलरला आम्ही रोज हे करतो. बोटीच्या पंख्याला नको. टोकाचा आकार बिघडतो, पाण्यावरची पकड जाते, आणि दोन्ही सारखे छाटले जातील याची हमी नाही.

ॲल्युमिनियमचाच घ्या. स्टेनलेस स्टीलची पाती लवत नाहीत, वेग थोडा चांगला मिळतो, पण उन्हाळ्यात पानशेतचं पाणी उतरलं की खडक कुठे वर आलाय ते कळत नाही. तिथे ॲल्युमिनियमचं पातं वाकतं आणि गिअरकेस वाचण्याची शक्यता वाढते. बसवताना शाफ्टला मरीन ग्रीस लावा, नाहीतर खाऱ्या पाण्यात पंखा असा धरतो की काढायला पुलर लागतो. थ्रस्ट वॉशर आधी सरकवायचा, शेवटी नवी स्प्लिट पिन. आणि पंख्याला हात लावण्याआधी दोन्ही इंजिनांच्या चाव्या खिशात.