‘फिफा मान्यताप्राप्त’ डिप्लोमाला पैसे भरू का?

प्रश्न : मुलगी मिरजेत बारावी कॉमर्सला आहे. शाळेपासून फुटबॉल खेळते, पण राज्य संघात निवड झाली नाही. आता रेफ्री व्हायचं म्हणते. एका संस्थेने ‘फिफा मान्यताप्राप्त’ सहा महिन्यांच्या डिप्लोमाचे साठ हजार सांगितलेत. भरू का? – एक आई

ताई, पैसे भरू नका. लेकीला मात्र अडवू नका.

फिफा ही फुटबॉलची जागतिक संघटना. तिचे सभासद म्हणजे देशोदेशीचे २११ महासंघ. आपल्याकडे अखिल भारतीय फुटबॉल महासंघ, त्याच्याखाली महाराष्ट्रासाठी ‘विफा’ (वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन) आणि मग जिल्हा संघटना. नवख्या रेफ्रीला फिफा थेट प्रमाणपत्र देत नाही. आंतरराष्ट्रीय यादीसाठी नावंसुद्धा दरवर्षी महासंघच पाठवतो.

ही साखळी नुसती कागदावरची नाही. ऑगस्ट २०२२मध्ये आपल्या महासंघाच्या कारभारात त्रयस्थांचा हस्तक्षेप झाला म्हणून फिफाने भारताला निलंबित केलं. गोकुलम केरळच्या मुली तेव्हा आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचलेल्या होत्या. देशाच्या विजेत्या, तरी न खेळताच परतल्या. निलंबन दोन आठवड्यांच्या आत उठलं, पण त्यांची स्पर्धा हातची गेली. मला अजून त्या मुलींचं वाईट वाटतं. वरचा एक दुवा निखळला तर विजेत्यांची ही गत, मग साखळीबाहेरचा डिप्लोमा दाखवून तुमच्या लेकीच्या हाती शिट्टी कोण देणार?

म्हणून सुरुवात जिल्हा संघटनेपासून करा. रेफ्रीची पुढची परीक्षा कधी आहे ते तिथे विचारा. लेखी पेपर असतो, धावण्याची चाचणीही असते. तेव्हा तिची सकाळची धाव सुटू देऊ नका. खेळाचे १७ नियम इंटरनेटवर फुकट मिळतात, ते तिने आतापासूनच वाचावेत. हे नियम फिफा एकटी ठरवत नाही. १८८६पासूनचं एक वेगळं मंडळ आहे. त्यात फिफाची ४ मतं आणि इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, उत्तर आयर्लंड यांचं प्रत्येकी एक. बदलाला ६ मतं लागतात. ऑफसाइडचा नियम फिफालाही एकटीने हलवता येत नाही, हे कळलं की नियमांबद्दल वेगळाच आदर वाटू लागतो.

आणि एकदा तिला कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर घेऊन जा. पाटाकडील विरुद्ध दिलबहार असा सामना मिळाला तर उत्तमच. तिने चेंडू बघायचा नाही, फक्त रेफ्री बघायचा : कुठे उभा राहतो, प्रेक्षक ओरडत असताना शिट्टी कधी वाजवतो. हे कुठल्याही वर्गात शिकवता येत नाही.

घाईचं कारण नाही. फिफाच्या यादीसाठी रेफ्रीचं वय किमान २५ आणि सहायकाचं २३ लागतं. आणि आपल्याकडच्या बायका तिथवर पोचतात : गोव्याच्या उवेना फर्नांडिस २०१६मध्ये जॉर्डनला मुलींच्या १७ वर्षांखालील विश्वचषकात सहायक रेफ्री होत्या.

मानधन सामन्यागणिक मिळतं, सुरुवातीला त्यावर घर चालत नाही. बी.कॉम. पूर्ण करू द्या.

त्या संस्थेकडे मात्र एकच गोष्ट मागा : भारतीय महासंघाचं लेखी मान्यतापत्र. काय उत्तर आलं ते मला कळवा.