रोमला निघालीस, तर सुटी नाणी जवळ ठेव

तुझा मेसेज काल रात्री वाचला. कामासाठीची पहिलीच फेरी, तीही रोमची, आणि सोबत बावीस चर्चची यादी! यादी छान केली आहेस. आता ती घरीच ठेव.

रुसू नकोस. पहिल्या फेरीत मीही अशीच यादी नेली होती. एका शनिवारात अकरा चर्च 'केली'. हो, अष्टविनायक करतात तशी. रात्री हॉटेलवर फोटो बघायला बसले तर कुठलं छत कुठल्या चर्चचं, काही सांगता येईना. पाय मात्र असे सुजले होते की सोमवारच्या मीटिंगला टेबलाखाली बूट काढून बसले.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. म्हणजे पहिले तीन-चार दिवस पहाटे चारलाच तुझे डोळे टक्क उघडणार. कूस बदलत पडून राहू नकोस, आंघोळ करून नीघ. काही चर्च सकाळी सात-साडेसातलाच उघडतात आणि तुझं ऑफिस नऊचं. मधला वेळ तुझा. दुपारी मात्र बरीचशी चर्च दोन-तीन तास बंद असतात. जेवणाच्या सुट्टीत धावत गेलीस तर कुलूप बघून परत येशील. खांदे-गुडघे झाकलेले हवेत, एक ओढणी पर्समध्ये राहू दे. मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, चालू असेल तर फिरू नकोस, मागच्या बाकावर गप्प बस. त्यातलं काही कळलं नाही तरी चालतं.

पहिल्या सकाळी जेझू या चर्चला जा. लार्गो अर्जेंतिनाच्या बस थांब्यापासून पाच मिनिटं चालायचं. जेझुइटांचं, म्हणजे येशूसंघाच्या धर्मगुरूंचं, हे मूळ चर्च. १५६८ मध्ये बांधायला घेतलं, १५८४ मध्ये पुरं झालं. आपलं 'ख्रिस्तपुराण' लिहिणारे फादर स्टीफन्स १५७५ साली रोममध्येच जेझुइट झाले आणि १५७९ साली गोव्यात उतरले. त्यांनी हे चर्च पाहिलं असेल ते अर्धवट बांधलेलंच.

मी तिथे शिरले ती पाऊस चुकवायला. उजवीकडच्या मोठ्या वेदीपाशी सोनेरी चौकटीत एक हात ठेवलेला दिसला, कोपरापासून खालचा. नाव वाचलं आणि जागीच थांबले. फ्रान्सिस झेवियर. आमच्या सावंतवाडीकडची माणसंही ज्याला 'गोंयचो सायब' म्हणूनच ओळखतात, तो. १९८४ च्या डिसेंबरात, सहा वर्षांची असताना, आईचं बोट धरून मी जुन्या गोव्यात त्याच्या दर्शनाच्या रांगेत उभी होते. आई देवळात जाते तशीच गजरा माळून आली होती. देह तिथे बॉम जीझस चर्चमध्ये, आणि उजवा हात इथे! १६१४ साली तो वेगळा करून रोमला पाठवला. पुढे इटलीतल्या टस्कनीच्या ग्रँड ड्यूकने, म्हणजे तिथल्या राजाने, त्या देहासाठी फ्लॉरेन्सहून संगमरवरी चौथरा गोव्याला धाडला, तो १६९८ मध्ये तिथे बसला. म्हणजे हात इकडे आला आणि दगड तिकडे गेला.

त्यानंतरचे चार दिवस मी सकाळी तिथेच बसले. तिसऱ्या दिवशी कुठे छत दिसायला लागलं. गाउलीने १६७० च्या दशकात रंगवलेल्या त्या चित्रातली माणसं सोनेरी चौकट ओलांडून बाहेर लोंबकळतात, आणि त्यांच्या सावल्या शेजारच्या नक्षीवर पडतात. त्या सावल्याही रंगवलेल्याच. पहिले दोन दिवस मी त्या खऱ्या धरून चालले होते.

संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर सान लुइजी देई फ्रान्चेझी हे चर्च. जेझूपासून रमतगमत गेलीस तर वाटेत मिनेर्व्हाच्या चौकात पाठीवर ओबेलिस्क, म्हणजे उंच दगडी स्तंभ, घेतलेला शिल्पकार बर्निनीचा हत्ती भेटेल. गुरुवायूरचे हत्ती पाहिलेल्या माणसाला तो पिल्लूच वाटतो. पुढे पँथिऑन, तेही सातव्या शतकापासून चर्चच, पण २०२३ पासून पर्यटकांना तिकीट आहे.

सान लुइजीत डाव्या हाताचं शेवटचं चॅपल गाठ. तीन भिंतींवर काराव्हाज्योची तीन चित्रं, १५९९ ते १६०२ मधली, आणि सगळी अंधारात. बाजूला एक पेटी असते. नाणं टाकलं की खटकन दिवा लागतो. माझ्याकडे होत्या फक्त नोटा. शेवटी एका आजोबांनी माझ्याकडे बघून मान हलवली आणि स्वतःचं नाणं टाकलं.

आधी डावीकडचं बघ. कोंदट खोली, टेबलाभोवती पाच जण, पैसे मोजणं चाललंय. जकातवाल्या मत्तयचं हे ऑफिसच म्हण ना. उजवीकडून येशू आत येऊन त्याला शिष्य व्हायला बोलावत हात पुढे करतो, त्याच्या डोक्यावरून तिरपी उजेडाची पट्टी येते. दाढीवाला बोट वळवून विचारतो, कोण, मी? की शेजारच्याकडे दाखवतोय? यावर जाणकार अजून भांडतात. मला आवडतो तो टोकाचा पोरगा. त्याची मान वरच होत नाही, बोटं नाण्यांवरच. मार्च एंडिंगला आपल्या अकाउंट्सची मंडळी अशीच बसतात. एवढं बघेपर्यंत दिवा जातो, आणि सगळे एकमेकांच्या खिशाकडे बघू लागतात.

शनिवार मोकळा मिळाला तर कोलोसियमजवळचं सान क्लेमेंते. वर बाराव्या शतकाचं चर्च, तिकीट काढून जिना उतरलीस की चौथ्या शतकाचं, आणखी खाली रोमन घर आणि मिथ्र देवाची गुहा. तळाशी अजून पाणी वाहतं, त्याचा आवाज ऐक. सांत इग्नात्सिओ चर्चमध्ये छत बघायला ठेवलेल्या आरशासमोर सेल्फीची रांग असेल, तिला लागू नकोस. जमिनीवरच्या गोल फरशीवर उभं राहून घुमट बघ, मग दहा-पंधरा पावलं पुढे जा. घुमट वाकडा होत कोसळतो, कारण तो घुमटच नाही. पोत्सोने १६८५ साली सपाट कापडावर काढलेलं चित्र आहे.

बाकीची सतरा-अठरा राहू देत. मीटिंगला मात्र उशीर करू नकोस, चर्च चारशे वर्षं थांबलंय, क्लायंट थांबत नाही.

मागच्या फेरीतली सुटी नाणी माझ्याकडे उरली आहेत. पन्नास सेंटची आणि एक युरोची निवडून बटव्यात घातली आहेत. सोमवारी डब्याच्या वेळी घेऊन जा. परत आणायची नाहीत.