जुना व्हॉल्व्ह अँप (काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा अँप्लिफायर) पहिल्यांदाच उघडताय?

आधी एक विनंती: 'चालतोय का बघू' म्हणून थेट प्लग लावू नका. वर्षानुवर्षं पडून असलेल्या अँपचे फिल्टर कपॅसिटर (वीजपुरवठा सपाट करणारे, चार्ज साठवणारे भाग) बहुधा वाळलेले असतात. पूर्ण व्होल्टेज मिळालं की ते जातात, आणि कधी ट्रान्सफॉर्मरलाही सोबत नेतात.

प्लग काढल्यावरही त्या कपॅसिटरमध्ये ४०० व्होल्ट किंवा जास्त उरू शकतात. हा खेळ नाही, जीव जातो. एक हात खिशात ठेवा, १० किलोओहम, ५ वॅटच्या रेझिस्टरला इन्सुलेटेड वायरी जोडून डिस्चार्ज करा, मग मीटरने खात्री करा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडायची हौस नको.

त्यानंतर:
- काहीही काढण्याआधी भरपूर फोटो.
- दोन पिनांची वायर असेल तर तीन पिनांची घाला, अर्थची वायर चेसिसला (धातूच्या सांगाड्याला) घट्ट.
- पहिल्यांदा सुरू करताना मेनच्या वायरीत सिरीजमध्ये फिलामेंटचा बल्ब (एलईडी चालत नाही). क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. लख्खच राहिला तर लगेच बंद करा, कुठेतरी शॉर्ट आहे.
- स्पीकर जोडल्याशिवाय कधीच सुरू करू नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

नवशिक्यांची ठरलेली चूक म्हणजे आधी व्हॉल्व्ह बदलणं. मीही केली. नवा सेट घातला, खरखर जशीच्या तशी! दोष निघाला व्हॉल्यूमच्या पॉटमधल्या (नॉबमागच्या फिरत्या रेझिस्टरमधल्या) धुळीत. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून नॉब वीसेक वेळा फिरवला, आवाज स्वच्छ.

बायसचं (व्हॉल्व्हमधला करंट ठरवणाऱ्या सेटिंगचं) नंतर बघू. आधी आतले फोटो टाका.