हाक्का लोकांच्या घरी काय शिजतं?

प्रश्न : ताई, आमच्याकडे रविवारी हाक्का नूडल्स ठरलेल्या. परवा लेकीने विचारलं, हे हाक्का म्हणजे कोण आणि त्यांच्या घरी रोज हेच करतात का? मला सांगताच आलं नाही. – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नाही हो, घरचं जेवण बरंच वेगळं. हाक्का हे चीनमधले लोक, पूर्वज उत्तरेकडचे, लढाया आणि दुष्काळांमुळे शतकानुशतकं दक्षिणेकडे सरकत गेले, तिथली सपाट सुपीक जमीन आधीच दुसऱ्यांकडे होती म्हणून यांच्या वाट्याला ग्वांगडाँग, फुजियानचे डोंगर आले. डोंगरात राबणाऱ्याला खारट-तेलकट हवं, भाजीही टिकायला हवी, मग मोहरीचा पाला मीठ लावून उन्हात वाळवायचा आणि चरबीवाल्या पोर्कबरोबर तासन्‌तास वाफवायचा, सगळी चरबी त्या पाल्यात मुरते. मला विचाराल तर हाक्का घराची खरी ओळख ही!

आणि भरलेला टोफू. उत्तरेत गव्हाच्या पारीत सारण भरायचे, इकडे गहू मिळेना म्हणून टोफूत खिमा भरला असं हाक्का लोक सांगतात. मलेशियात गेल्यावर सारण माशाचं झालं आणि भेंडी, वांगं, कारलं, मिरची, जे मिळेल ते भरायला लागले.

तुमच्या नूडल्सचा धागा टांग्र्याशी, म्हणजे कोलकात्यातल्या चिनी वस्तीशी. तिथले हाक्का चामडं कमवायचे, १९६२च्या भारत-चीन युद्धात कित्येक चिनी कुटुंबांना, लहान मुलांसकट, राजस्थानात देवलीच्या छावणीत डांबलं, हे आपल्याकडे फार कमी जणांना माहितीये आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं. पुढे खूप जण देश सोडून गेले. जे राहिले त्यांच्या रेस्टॉरंटांत इथल्या जिभेला आवडेल असं हिरवी मिरची, लसूण घालून शिजायला लागलं. टोरांटोत तर आज ‘हाक्का’ पाटी दिसली की आत चिली चिकन मिळणार, तेही कोलकात्याहून गेलेल्यांमुळे.

या रविवारी लेकीला भरला टोफू करून घाला. घट्ट टोफूचे जाड तुकडे, मधे खळगा, त्यात खिमा, आलं, कांद्याची पात, मीठ आणि चमचाभर कॉर्नफ्लोअर. भरलेली बाजू आधी तव्यावर लालसर करा, मग थोडं पाणी, सोया सॉस घालून झाकण ठेवा. पोर्क नको असेल तर चिकनचा खिमा चालतो, फक्त मंद आचेवर नीट शिजू द्या.