घरातच बसून म्हणतात, ‘घरी ने’

“आई स्वतःच्या घरात बसलेली असते आणि रोज संध्याकाळी म्हणते, मला घरी सोडा. आम्ही करायचं काय?” हा प्रश्न घेऊन माझ्याकडे अनेक कुटुंबं येतात. त्यांतल्या एकाची हकिगत सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

उल्हासनगरचं सिंधी कुटुंब. आजी ८५ वर्षांच्या, सोबत साठीतला मुलगा आणि नात. मुलगा थकलेला होता. “मॅडम, हिला आता सिंधला कसं नेऊ?” आजी खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या. मांडीवर प्लास्टिकची पिशवी, पिशवीत त्यांच्याच चपला. नात म्हणाली, तिन्हीसांजा झाल्या की डाडी चपला पिशवीत भरून दाराशी बसते आणि “घर हलूं” म्हणते. घरी जाऊ या.

आधी मी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. लघवीचा संसर्ग, बी-१२ची कमतरता, थायरॉईड यांनीही म्हातारपणी असा गोंधळ उडतो. ते तपासल्याशिवाय समुपदेशनाला बसू नये. विस्मरणाची सुरुवात निघाली. त्यात उजेड मंदावला की जीव कासावीस होतो. हे कळल्यावर मुलगा जरा निवळला, तरी रोजचं उत्तर सुटेना : “अमां, हेच तुझं घर आहे!” या उत्तराने कुणाची समजूत पटलेली मी आजवर पाहिलेली नाही. माणूस आणखी घाबरतं. त्यापेक्षा शेजारी बसावं आणि विचारावं, घरी कोण आहे? तिथे काय करायचंय?

मी विचारलं. आजी मनाने आधी सिंधमधल्या शिकारपूरच्या ढक बाजारात गेल्या, छपराखालच्या त्या लांब बाजारात, लोणच्यांच्या वासात. मग कराचीहून निघालेली आगबोट. वय सातेक वर्षांचं. गर्दीत चपला गेल्या आणि मुंबईच्या धक्क्यावर त्या अनवाणी उतरल्या. पंजाब आणि बंगाल फाळणीत दुभंगले, पण सिंध अख्खा पलीकडे गेला. पुढे “आमचं गाव” म्हणून बोट दाखवायला इकडे काहीच उरलं नाही.

मग त्या एकदम म्हणाल्या, “नळाला पाणी येईल. अमड़ रागावेल.” अमड़ म्हणजे आई.

मुलगा चपापला. “हा नळ शिकारपूरचा नाही. कॅम्पातला आहे.”

कल्याणजवळची महायुद्धातली लष्करी छावणी. तिच्या बराकींत पोत्यांचे पडदे लावून निर्वासितांचे संसार थाटले गेले. १९४९ साली तिला उल्हासनगर नाव मिळालं. आजींचं लग्नही दोन बराकी सोडून झालं, त्यामुळे नळ तोच राहिला. पुढे खोली पक्की झाली. पुनर्विकासात ती पाडली गेली आणि आठ महिन्यांपूर्वी हे लोक सातव्या मजल्यावर राहायला आले. “घर हलूं” तेव्हापासूनचं. घरच्यांना वाटत होतं आजींना सिंध हवाय. आजींना बराक हवी होती.

त्या दिवशी रडला तो मुलगा. त्याचे वडील घरात सिंधचं नाव काढू देत नसत. आईची जुनी पत्रं ट्रंकेत आहेत, पण सिंधीची ती बावन्न अक्षरांची अरबी वळणाची लिपी त्याला वाचता येत नाही. “मॅडम, ज्याला मी घर म्हणायचो तेही पाडलं, आणि मी पेढे वाटले,” म्हणाला. त्याच्यासाठी आम्ही वेगळे चार वेळा भेटलो.

बाकी उपाय साधेच. दिवे पाचलाच लावायचे. सेफ्टी डोअर ठेवून दार उघडं, म्हणजे शेजाऱ्यांचा आवाज येईल. सहाला नळाखाली बादली लावायची. आणि रोज एक पत्र आईकडूनच वाचून घ्यायचं. जुनं वाचलेलं अशा माणसांना बरेचदा आठवतं.

परवा नातीचा फोन आला. डाडी अजूनही रोज “घर हलूं” म्हणते. बाबा वाद घालत नाहीत. पिशवीतल्या चपला काढून तिच्या पायांत घालतात आणि दोघं इमारतीला एक फेरी मारून येतात. दारात पोचल्यावर ती विचारते, पाणी भरलं का? बादली काठोकाठ भरलेली असते. “भरलं, अमां,” ते म्हणतात, आणि ती आत येते.